रंग लावा, पण आधी झेरॉक्स काढून बघा!

मित्रांनो, गेल्या महिन्यात एक नवलच घडलं. सलग आठ दिवस आपल्या मेसमध्ये भाजीवरून कुणी भांडलं नाही! वरणात डाळ शोधावी लागत होती, पोळ्या नेहमीसारख्याच चामट होत्या, पण तक्रार शून्य. कारण भांडायची सगळी ताकद एकाच विषयावर खर्च होत होती : आपल्या कॉलेजचा लोगो रंगीत करायचा की नाही?

ज्यांना माहीत नाही (म्हणजे नवे फर्स्ट इयरवाले आणि प्रोजेक्टमध्ये बुडालेले फायनल इयरवाले) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं चिन्ह साधं आहे. बाहेर एक गोल, आत दातेरी चाक आणि चाकाच्या मधोमध सागाचं एक पान. सगळं काळ्या रेघेत, पांढऱ्या कागदावर. सीनियर सांगतात, की कॉलेज नवं होतं तेव्हा ड्रॉईंगच्या एका सरांनी ते ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने काढलं होतं. खरंखोटं देव जाणे, पण चाकाचे दात मोजा, बरोबर चोवीस भरतात आणि सगळे सारखे. काढणारा माणूस ड्रॉईंगचाच असला पाहिजे!

यंदा गॅदरिंगच्या कमिटीला हे चिन्ह जुनाट वाटलं. ग्रुपवर नवं डिझाईन येऊन पडलं. गोल केशरी, चाक आकाशी निळं, पान पोपटी हिरवं. खाली सोनेरी अक्षरं, सगळ्याला सावली आणि वरून काचेसारखी चकाकी. खोटं कशाला बोलू, मोबाईलवर झकास दिसत होतं. धडाधड अंगठे पडले. आणि मग सुरू झालं...

"गोल केशरी काऊन बे? निळा काऊन नाही?"

"चाक निळं हाय ना, अजून किती निळं पाहिजे तुले?"

"आणि हिरवं एवढंसंच?"

रात्री साडेबारापर्यंत दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात हेच चाललं होतं. शेवटी रेक्टर सर शाल गुंडाळून वर आले आणि म्हणाले, "झोपा रे. चिन्ह सकाळीही तिथंच राहील."

त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून हा लेख.

पहिलंच सांगून टाकतो. मी रंगाच्या विरोधात नाही. उलट रंग हवा असं वाटणाऱ्यांचं मन मला कळतं. आपल्या जिल्ह्याला बाहेरचे लोक कशासाठी ओळखतात? कोळसा, चिमण्या आणि मे महिन्याचं ऊन. म्हणजे काळं. दुसऱ्या बाजूला बल्लारपूरचा कागद आणि सिमेंटची भुकटी. म्हणजे पांढरं. आपण चंद्रपूरकर तसेही काळ्या-पांढऱ्यातच जगतो! सकाळी दोरीवर वाळत टाकलेला पांढरा शर्ट संध्याकाळी काढा, म्हणजे दोन्ही रंग एकत्र बघायला मिळतील. अशा गावात पोरांना थोडा रंग पाहिजे असेल, तर त्यात चूक काय?

आणि रंगाने काय होऊ शकतं हे आपण आपल्याच स्टेशनवर पाहिलंय. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही दोन्ही स्टेशनं पूर्वी चारचौघांसारखीच होती. मग भिंतींवर ताडोबाचे वाघ आले, जंगल आलं, इथली लोककला आली. २०१८ मध्ये रेल्वेच्या देशभरातल्या स्टेशन सुशोभीकरणाच्या स्पर्धेत या दोघांना मिळून पहिला नंबर मिळाला, दहा लाखांच्या बक्षिसासकट. बिहारचं मधुबनी, जिथली चित्रकला जगभर प्रसिद्ध आहे, तेसुद्धा आपल्या मागे राहिलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. भिंती रंगल्या, खांब रंगले, पण स्टेशनच्या नावाची पाटी? ती पिवळ्यावर काळ्या अक्षरांचीच राहिली. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत गाडीच्या खिडकीतून डोकावणाऱ्याला ती पाटी आधी दिसली पाहिजे. वाघ नंतर.

मला वाटतं, सगळ्या वादाचं उत्तर इथंच आहे. भिंत वेगळी आणि पाटी वेगळी. गॅदरिंगचं पोस्टर, टी-शर्ट, स्टेज ही आपली भिंत. तिथं हवे तेवढे रंग उधळा. चिन्ह ही मात्र पाटी आहे. तिला रंग लावताना दहादा विचार करावा लागतो.

चिन्ह रंगाशिवाय किती टिकतं हे बघायचं असेल, तर कुठं लांब जायला नको. जटपुरा गेटला जा. रोज आपण तिथं ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि हॉर्नला शिव्या घालतो, पण मान वर करत नाही. गोंड राजांच्या परकोटाच्या या दरवाजावर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. ते राजचिन्ह आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर लोगो! ना केशरी, ना निळा, नुसता दगड. राज्य गेलं, भोसले आले, इंग्रज आले, ते पण गेले. गावाचं नाव चांद्याचं चंद्रपूर झालं. १९८२ मध्ये जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा झाला. तो सिंह मात्र अजून तिथंच आहे आणि लांबूनसुद्धा ओळखू येतो. का? कारण त्याची ओळख त्याच्या आकारात आहे. ज्याचा आकार पक्का, त्याला रंग असला काय आणि नसला काय.

आता कमिटीतले मित्र म्हणतील, "तू पाचशे वर्षं मागे चाललास. जग बघ जरा." चला, जग बघू.

अ‍ॅपल कंपनीचं १९७६ मधलं पहिलं चिन्ह काळ्या-पांढऱ्या रेघांचं होतं. झाडाखाली बसलेला न्यूटन, डोक्यावर सफरचंद, भोवती चौकट. जुन्या पुस्तकातल्या चित्रासारखं. पुढच्याच वर्षी ते गेलं आणि रॉब जॅनॉफ या डिझायनरने काढलेलं, एक घास खाल्लेलं सहा रंगी पट्ट्यांचं सफरचंद आलं. ते रंग उगाच नव्हते. अ‍ॅपल टू हा कॉम्प्युटर पडद्यावर रंग दाखवू शकत होता आणि तेच त्यांना लोकांना सांगायचं होतं. म्हणजे रंगाला काम होतं. १९९८ पासून ते पट्टे काढून टाकले गेले. उरलं एकरंगी सफरचंद. कुणाचं काही अडलं का? नाही. कारण आकार तोच होता. रंग आला, आपलं काम केलं आणि गेला.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. डब्ल्यू.डब्ल्यू.एफ. ही वन्यजीवांसाठी काम करणारी संस्था १९६१ मध्ये सुरू झाली. जगातले इतके रंगीबेरंगी प्राणी सोडून त्यांनी पांडा निवडला. सर पीटर स्कॉट हे त्या संस्थापकांपैकी एक आणि स्वतः चित्रकार. पांडा देखणा होता, दुर्मिळ होता, लोकांना आवडणारा होता आणि मुख्य म्हणजे काळ्या-पांढऱ्यात उठून दिसणारा होता. त्यामुळे छपाईचा खर्च वाचणार होता! ताडोबावाल्यांनो, रागावू नका, पण पट्टेदार वाघाची संधी शाईच्या बिलामुळे हुकली असं म्हणायला हरकत नाही.

शाईच्या बिलावरून आठवलं. कमिटीचं डिझाईन घेऊन आम्ही तिघे गोल बाजाराकडे एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्या काकांकडे गेलो होतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाईल जवळ घेतला, मग लांब धरला आणि विचारलं, "बापू, हे टी-शर्टवर छापायचं हाय का लग्नपत्रिकेवर?" मग समजावून सांगितलं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम. केशरी, निळा, हिरवा, सोनेरी म्हणजे चार फ्रेमा, चारदा शाई ओढायची आणि चारही वेळा कापड त्याच जागी बसायला पाहिजे. एक सूतभर सरकलं की पान चाकाच्या बाहेर! आणि ती सावली अन् चकाकी? "ते कॉम्प्युटरले जमते, मले नाही." आपल्या आताच्या चिन्हाचं विचारलं तर हसले. "ते काय, एक फ्रेम. दहा मिनिटांत शंभर काढून देतो."

पण पैसा हा मुद्दा मी शेवटचा धरतो. वर्गणी काढू, फ्रेमा बनवू. खरा मुद्दा झेरॉक्सचा आहे.

माझा रूममेट भामरागड तालुक्यातला आहे. घरी माडिया बोलतो, वर्गात मराठी आणि वायवाला आपल्यासारखीच मोडकी इंग्रजी. त्याच्या कपाटात एक निळी फाईल आहे. त्यात जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, गुणपत्रिका, सगळ्याच्या झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सच्याही झेरॉक्स. स्कॉलरशिपचा अर्ज ऑनलाईन झाला म्हणतात, पण कुठल्या ना कुठल्या टेबलावर "दोन प्रती जोडा" हे वाक्य अजून जिवंत आहे. आपल्या कॉलेजचं चिन्ह जगात सगळ्यात जास्त वेळा कुठं दिसतं सांगा? गॅदरिंगच्या बॅनरवर? वेबसाईटवर? मुळीच नाही. ते दिसतं बोनाफाईडच्या झेरॉक्सवर, एखाद्या तालुक्याच्या कचेरीत, टाचणी टोचलेल्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात.

म्हणून मी एक प्रयोग केला. कमिटीचं डिझाईन कलर प्रिंटवर काढलं, त्याची झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स. तिसऱ्या प्रतीत गोल, चाक आणि पान मिळून एक करडा डाग उरला. रूममेटने कागद उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाला, "पोळी जळाली वाटते."

असं का झालं हे इंजिनिअरच्या भाषेत सांगतो, म्हणजे कुणी "तुझ्या मशीनचं टोनर संपलं होतं" असं म्हणायला नको. रंगातून करडेपणा काढायचं जुनं सूत्र ई अँड टी.सी.वाल्यांना पाठ असेल :

उजळपणा = ०.२९९ × लाल + ०.५८७ × हिरवा + ०.११४ × निळा

प्रत्येक रंगाची किंमत ० ते २५५. कमिटीच्या फाईलमधले आकडे यात घालू. गोलाचा केशरी : लाल २५५, हिरवा १४०, निळा ०. उत्तर १५८. चाकाचा आकाशी : ९०, १७०, २२०. उत्तर १५२. पानाचा पोपटी : ११०, १९०, ७०. उत्तर पुन्हा १५२! डोळ्यांना तीन वेगळे रंग आणि करड्यात जवळजवळ एकच. प्रत्येक झेरॉक्स मशीन अगदी याच आकड्यांनी चालतं असं नाही, पण रोग हाच. रंगांतला फरक आहे, उजळपणातला फरक नाही. ज्यांना तांबड्या-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही अशी पोरं आपल्या होस्टेलमध्येही असतील. त्यांच्याही डोळ्यांना याचा त्रास होणार.

हे सूत्र आलं कुठून? रंगीत टीव्हीतून. आणि ही गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी. (गडचिरोली जिल्हा जन्मला तेच वर्ष!) आता विचार करा, त्या वेळी ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्याकडे बहुतेक काळा-पांढराच होता. त्यांना काय सांगणार, की उद्यापासून तुमचा डबा भंगारात टाका? नाही. पाल पद्धतीत उजळपणाचा सिग्नल वेगळा ठेवलेला असतो आणि रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या एका उपवाहक लहरीवर बसवून सोबत पाठवली जाते. रंगीत सेट दोन्ही वाचतो. काळा-पांढरा सेट फक्त उजळपणा वाचतो आणि त्यावरही चित्र नीट दिसतं. म्हणजे ज्याच्याकडे रंग आहे त्याला रंग मिळाला आणि ज्याच्याकडे नाही त्याचं काही हिरावलं गेलं नाही.

रंग द्यायची हीच रीत मला बरोबर वाटते. आपल्या चिन्हातही उजळपणाचा सिग्नल शाबूत राहिला पाहिजे. रंग त्याच्यावर स्वार होऊन यावा, त्याला ढकलून नव्हे. कारण आपल्यातही रंगीत सेटवाले आहेत आणि झेरॉक्सवाले आहेत.

आता येतो खऱ्या भांडणाकडे, व्हरांड्यातल्या. कोणता रंग?

इथं हसण्यावारी नेऊन चालणार नाही. आपल्याकडे रंग रिकामे नसतात. निळा म्हटलं की या गावात नुसतं आकाश आठवत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीवर जी गर्दी लोटते, त्यात आपल्यातल्या कित्येकांचे आजी-आजोबा असतात. चैत्रात महाकालीच्या यात्रेला येणाऱ्यांचा कुंकवाचा लाल वेगळा. भगवा कुणाच्या जिव्हाळ्याचा, हिरवा कुणाच्या, पिवळा कुणाच्या. यात चूक काहीच नाही. माणसं रंगावर जीव लावतात म्हणूनच तर रंगाला किंमत आहे. पण जो जीव लावतो तो हक्कही सांगतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये डीडी न्यूजचा लोगो लालचा भगव्या रंगात आला, तर निवडणुकीच्या तोंडावर देशभर वाद पेटला. आकार तोच, रंग बदलला, आणि सगळी चर्चा रंगाची!

आपल्या काळ्या-पांढऱ्या चिन्हाने इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नाही, की बाबा तू कुठल्या रंगाचा? हा त्याचा मोठेपणा आहे. गॅदरिंगच्या एका संध्याकाळसाठी तो घालवायचा का?

मग रंग नकोच? तसंही नाही. इथं मला माझ्या रूममेटने एक गोष्ट शिकवली, ती सांगतो.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी त्याच्या गावी गेलो होतो. एसटीने आष्टी, मग आलापल्ली. आलापल्ली सोडली की दोन्ही बाजूंना सागच साग. पहिला पाऊस पडून गेलेला, उन्हाळाभर खराट्यासारख्या उभ्या असलेल्या झाडांना कोवळी पानं फुटलेली. एका ठिकाणी गाडी थांबली तेव्हा त्याने एक कोवळं पान तोडलं आणि म्हणाला, "हात दे." पान माझ्या तळहातावर ठेवून अंगठ्याने खसाखसा चोळलं. हात लालभडक! मी घाबरलोच, वाटलं काही कापलं. तो हसत सुटला. म्हणे, आमच्याकडे लहान पोरं असंच एकमेकांना घाबरवतात. वरून हिरवं दिसणारं पान, पण रंग आत वेगळाच. तो डाग संध्याकाळपर्यंत गेला नाही.

व्हरांड्यातल्या भांडणात तो एकटाच गप्प बसला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, तुझं मत काय? तो म्हणाला, "पान तर आपल्या चिन्हात आहेच. त्यालाच चोळा ना. बाहेरून रंग कायले आणता?"

मला पटकन सुचलं नाही, मी बोलून गेलो, "पण लाल? गडचिरोली म्हटल्यावर लाल? लोक काय म्हणतील?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पुण्याच्या एका कंपनीच्या इंटरव्ह्यूमध्ये मला पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? तुम्ही नक्षलवादी पाहिलेत का? मी कॉम्प्रेसरचा अभ्यास करून गेलो होतो. आमच्या लालचा अर्थ बाहेरच्यांनी एकच ठरवून टाकला. आमच्याकडे एसटी लाल आहे. पेरणीच्या आधी हाताला लागतो तो सागाचा रंग लाल आहे. एवढं सगळं त्यांच्या नावावर सोडून देऊ?"

मित्रांनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीत भूपती आणि त्याच्या साठेक साथीदारांनी शस्त्रं खाली ठेवली, ते आपण सगळ्यांनी मेसच्या टीव्हीवर बघितलं. जिल्हा बदलतोय. पण बाहेरच्यांच्या डोक्यातला रंग इतक्या लवकर बदलत नाही. तो बदलायचा असेल, तर आपल्याच पोरांनी आपल्या रंगाचा आपला अर्थ सांगायला नको का?

आणि आता गंमत बघा. सागाच्या पानाचा तो गडद लाल घ्या, समजा लाल १४०, हिरवा ३०, निळा ३०. सूत्रात घाला. उत्तर ६३. म्हणजे जवळजवळ काळाच! झेरॉक्स काढली की लाल पान पुन्हा काळं होतं आणि आपलं जुनं चिन्ह जसंच्या तसं परत मिळतं. भामरागडच्या पोराला जे अनुभवाने सुचलं, ते सूत्रातही बसलं.

तेव्हा कमिटीपुढे माझी सूचना अशी.

एक : मूळ काळं-पांढरं चिन्ह कायम राहावं. बोनाफाईड, गुणपत्रिका, शिक्का, लेटरहेड, सगळीकडे तेच. ट्रेसिंग पेपरवरचं मूळ चित्र कुठल्या कपाटात असेल, तर ते शोधून स्कॅन करून ठेवावं.

दोन : जिथं रंग परवडतो तिथं एकच रंग वाढवावा आणि तो फक्त पानाला. चोळलेल्या कोवळ्या सागाचा गडद लाल. गोल आणि चाक काळेच. सावली नाही, चकाकी नाही, सोनेरी तर मुळीच नाही. काकांच्या हिशोबाने दोन फ्रेमा.

तीन : गॅदरिंगला रंग हवेतच, तर शाईत नको, कागदात आणा. झाडीपट्टीत नाटकांच्या हंगामात वाटली जाणारी हँडबिलं आठवा. गुलाबी, पिवळा, हिरवा पातळ कागद आणि त्यावर एकाच शाईची छपाई. कमी पैशात दहा रंग, आणि अक्षर स्पष्ट. ज्या झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तिथली युक्ती घ्यायला आपल्याला लाज कशाला?

चार : नवं कुठलंही डिझाईन मताला टाकण्याआधी त्याच्या तिसऱ्या झेरॉक्सची प्रत नोटीस बोर्डावर लावावी. मोबाईलवर बघून मत देऊ नका. ती प्रत बघून द्या.

यावर कुणी म्हणेल, एका पानाला लाल रंग दिल्याने कॉलेजचं काय भलं होणार? प्लेसमेंट वाढणार का? नाही वाढणार. पण पुढच्या वर्षी कुणी इंटरव्ह्यूला जाईल, त्याच्या फाईलवर ते चिन्ह असेल आणि समोरचा विचारेल, "हे पान लाल का?" तेव्हा आपल्या पोराला सांगता येईल, "सर, सागाचं पान आहे. हातावर चोळलं की असाच रंग येतो." नक्षलवाद्यांपेक्षा हा प्रश्न बरा की नाही?

कमिटीतल्या मित्रांनी राग मानू नये. तुम्ही विषय काढला नसता, तर आम्ही चाकाचे दातसुद्धा मोजले नसते. मतदानाच्या दिवशी मेसमध्ये भेटूच. आणि हो, त्या दिवशी वरणात डाळ सापडली तर तोही बदल आम्हाला चालेल, कुठल्याही रंगाची असो!